खुंटीवरचा लाल कोट

१

रविवारी सकाळी आलोइसने डोंगरावर जाणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टचं बटण दाबलं तेव्हा तो रात्रभर झोपलेला नव्हता. गावातल्या इतर माणसांबरोबर टॉर्च घेऊन तो एका हरवलेल्या म्हाताऱ्याला शोधत होता. गल्ल्या झाल्या, ओढ्याचा काठ झाला, चर्चमागचं रान झालं. थंडी उणे चोवीस. शेवटी डोंगरातल्या बचाव पथकाचा प्रमुख म्हणाला, आता वरूनही एकदा बघू, लिफ्ट सुरू कर.

तेल थंडीने घट्ट झालेलं, त्यामुळे लिफ्ट कुरकुरत सुरू झाली. रिकाम्या खुर्च्या एकामागून एक खाली येऊ लागल्या. बऱ्याच वेळाने एक खुर्ची आली, ती रिकामी नव्हती.

तिच्यात दीनानाथ सबनीस बसलेले होते. डोक्यावरून शाल, अंगात दोन स्वेटर, हात काखेत घट्ट दाबलेले. पुढचा आडवा दांडा नियमाप्रमाणे खाली ओढलेला. कोट नव्हता. रात्रभर ज्यांना शोधत होते ते सबनीस रात्रभर हवेत लटकत होते.

आलोइसने लिफ्ट थांबवली आणि तो जोरात ओरडला. त्याने प्रेत पाहिलं म्हणून नव्हे. याच म्हाताऱ्याला आदल्या दुपारी शेवटच्या खुर्चीतून उतरून चालत जाताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

२

मी ऊर्मिला टेंबे. राहते कोलोनला. विमा कंपन्यांसाठी मोडलेल्या वस्तू तपासते: तुटलेला आस, फुटलेला पाइप, निखळलेला जिना. वस्तू का मोडली ते सांगायचं आणि घरी यायचं. माणसं का मोडतात ते मला कुणी विचारत नाही, आणि मला ते सांगताही येत नाही.

फोन आला तो माझ्या भाचीच्या, सुनेत्राच्या नवऱ्याचा. हृषिकेश, दीनानाथरावांचा मुलगा, स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला इंजिनियर आहे. शांत मुलगा, पण त्या दिवशी आवाज चिरलेला.

"मावशी, तू हेच काम करतेस ना? मग एवढं कर. तो लिफ्टवाला खोटं बोलतोय. बाबा वर असताना त्याने लिफ्ट बंद केली आणि आता म्हणतोय, मी त्यांना उतरताना पाहिलं. माणूस खाली उतरतो आणि रात्री परत खुर्चीत जाऊन बसतो? जमिनीपासून तीन मजले वर? तू फक्त सिद्ध कर की तो खोटारडा आहे."

"पोलीस काय म्हणतात?"

"तेच. निष्काळजीपणाने मृत्यू. सरकारी वकील केस करणार आहे. म्हणजे, ती होईलच. पण तो कबूल का करत नाही? आईला निदान एवढं तरी कळू दे ना, की नक्की काय झालं."

मी ट्रेनमध्ये बसले. नाही म्हणण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

आल्टेनकोप्फ हे दक्षिण जर्मनीच्या ऑलगॉय भागातलं लहानसं स्कीचं ठिकाण. दोन माणसांच्या उघड्या खुर्च्यांची जुनी लिफ्ट, वर लाकडी चहाघर, खाली एक गेस्टहाउस. सगळ्याची मालकीण एकच, फ्राऊ त्सेंगर्ले. साठीची बाई, दोन्ही गालांवर हिमदंशाचे जुने डाग.

"दहा वर्षं आम्ही बर्फ पडू दे म्हणून मेणबत्त्या लावल्या," तिने मला कॉफी ओतत सांगितलं. "डिसेंबरात हिरवं गवत. लोकांना काय, चिखलात स्की करायला बोलावू? या वर्षी बर्फ आला आणि त्याच्यामागून ही थंडी. उणे वीसच्या खाली कोण खुर्चीत बसतं? शाळांनी सहली रद्द केल्या. जे येतात ते एकदा खाली उतरतात, गाल पांढरे पडले की घाबरून चहाघरात बसतात, आणि फोनची बॅटरी मेली म्हणून माझ्याशी भांडतात. गरम हिवाळ्याने आम्हाला हळूहळू मारलं. थंडी एका दिवसात मारते."

तिने लोकांना बोलवायला एक युक्ती काढली होती. कडाक्याच्या थंडीच्या दिवशी तिकीट अर्ध्या किमतीत, स्की न करणाऱ्यांनाही वर जाऊन चहा प्यायची सोय. आता अर्ध्या किमतीत म्हटल्यावर आपली मराठी मंडळी घरी बसणार होती थोडीच. हृषिकेशच्या घरची माणसं आणि त्यांच्या ओळखीची काही मंडळी येऊन गेस्टहाउसमध्ये उतरली होती.

"आलोइस बावीस वर्षं माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "तो चुकू शकतो. खोटं तो बोलत नाही. पण हे मी सांगून काय उपयोग?"

खरंच काही उपयोग नव्हता. लिफ्टला पोलिसांचं सील होतं आणि गेस्टहाउसमध्ये आमच्याशिवाय एकही पाहुणा नव्हता.

३

आलोइसला मी लिफ्टच्या खोलीत भेटले. माणूस धिप्पाड. त्याचं जर्मन डोंगराकडचं, मला अर्धं कळलं, अर्धं परत विचारावं लागलं.

"शनिवारी थंडी फार वाढली, म्हणून मालकिणीने लवकर बंद करायला सांगितलं," तो म्हणाला. "वर टोनी असतो. त्याने फोन केला: शेवटचा माणूस लाल कोटवाला, त्याच्यामागे कुणी नाही. मी थांबलो. लाल कोट आला. उतरला. मी लिफ्ट बंद केली. हे मी पोलिसांना शंभर वेळा सांगितलंय."

"चेहरा पाहिलात?"

"टोपी होती, फक्त डोळे दिसतात तसली. वर कोटाचं हूड. या थंडीत चेहरा कोणाचाच दिसत नाही. पण म्हातारा माणूसच होता. चालण्यावरून कळतं. गुडघे वाकत नव्हते. एकेक पाऊल उचलून टाकत होता. स्की नव्हत्या, चालत आलेला पाहुणा."

"तुम्ही काही बोललात?"

"शुभ संध्याकाळ म्हणालो. त्याने हात वर केला." त्याने लिफ्टच्या बटणाकडे बोट केलं. "माझं काही चुकलं असेल तर मला सांगा. मी झोपत नाही. नोकरी जाईल, तुरुंग होईल, त्याचं मी बघेन. पण मी जे पाहिलं ते पाहिलंच नव्हतं असं हे सगळे म्हणायला लागले, तर मी माझ्या डोळ्यांचं काय करू?"

मी हृषिकेशसाठी आले होते, पण आता हा माणूसही माझ्या डोक्यावर येऊन बसला.

मग मी त्या कोटाकडे वळले. स्टुटगार्टच्या आसपासच्या मराठी मंडळींना तो पाठ आहे. कुणीतरी कधीतरी आपल्या आईसाठी घेतलेला, गुडघ्यापर्यंतचा, पिसांनी भरलेला लालभडक कोट. आई तीन आठवड्यांनी पुण्याला परतली, कोट राहिला. मग दुसऱ्याचे बाबा आले, त्यांनी तो घातला. तेव्हापासून तो फिरतोच आहे. तीन आठवड्यांच्या पाहुण्यासाठी नवा कोट घ्यायचा हे आपल्या कुणाच्या मनाला पटत नाही. ग्रुपवर एकच मेसेज पडतो, 'आई-बाबा कोट सध्या कुणाकडे आहे?' आणि कोट निघतो. खिशात मागच्यांची आवळा सुपारी, कुणाची व्हिक्सची डबी, ट्रामची तिकिटं.

तो कोट गेस्टहाउसच्या तळघरात होता. जर्मन लोक त्याला स्कीकेलर म्हणतात. ओले बूट आणि कोट वर न आणता तिथेच खोलीच्या क्रमांकाच्या खुंटीवर अडकवायचे. आठवडा झाला तरी सबनिसांच्या खुंटीवरून तो कुणी काढला नव्हता. पोलिसांनी फोटो काढले आणि सोडून दिला. कारण पोलिसांचं म्हणणं सरळ होतं: कोट खाली आहे, म्हणजे म्हातारा तो घालून वर गेलाच नाही, आणि लिफ्टवाल्याने पाहिलेला लाल कोट बनाव आहे.

"पण बाबा घालून गेले होते!" सुनेत्रा माझ्यामागे येऊन उभी होती. "त्यांनी आईंना वरून फोटो पाठवला होता. पोलिसांनी तो मागितलाच नाही. मग त्यांचा फोन बंद पडला, थंडीने. आणि संध्याकाळी मी इथे बघते तर कोट खुंटीवर. मला वाटलं, आलेत खाली, शतपावलीला गेलेत. आदले दोन दिवस तसेच जायचे, दोन स्वेटर आणि शाल. कोटात गुदमरतं म्हणायचे. मी कटकट केली होती." ती रडायला लागली. "म्हणून आम्ही सगळे गावात शोधत राहिलो, मावशी. लिफ्टकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही."

मी कोट खाली काढला. आतल्या बाजूला कमरेशी एक दोरी असते, ती कुणीतरी पार घट्ट ओढून गाठ मारलेली होती. बाह्या आत दुमडलेल्या होत्या.

मग मी फोनवर तो फोटो पाहिला. दीनानाथराव चहाघरासमोर हसत उभे, हातात थर्मास, पोट सुटलेलं. त्या पोटावर कोटाची चेन अर्धीही लागत नव्हती.

कोट वर गेला होता आणि खालीही आला होता. पण खाली आणणारी व्यक्ती सडपातळ होती, हात आखूड होते. मी मान वर केली. सुनेत्रा डोळे पुसत होती, आणि तिच्या स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या होत्या.

४

मला त्या रात्री झोप लागली नाही एवढंच सांगते. सुनेत्राला मी लहानपणी वेण्या घातल्या आहेत.

सकाळी टोनी भेटला, वरचा लिफ्टवाला. तरुण, बोलका, आणि घाबरलेला. मला वर न्यायला तो बर्फावरची गाडी घेऊन आला. वाटेत सगळं आपणहून सांगून टाकलं.

"म्हाताऱ्याच्या सुनेने त्याच्याशी भांडण केलं होतं," तो म्हणाला. "भाषा कळली नाही, पण भांडण कळतं. मग ती रागाने स्की घालून निघून गेली."

"स्की घालून? तुम्ही पाहिलंत?"

"पहिल्या वळणापर्यंत. छान करते स्की. तिचा नवराही आधीच गेला होता, त्याचा गाल पांढरा पडला होता."

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच वर आला. सुनेत्रा स्कीवरून उतरली, तर लिफ्टने कोण उतरलं?

"तुम्ही लाल कोट खुर्चीत बसताना पाहिला?"

टोनीने गाडीचा वेग कमी केला. "काचेतून. काचेवर आतून बर्फ साचला होता, नखाने खरवडून बघत होतो. नियम असा आहे की बाहेर उभं राहून शेवटच्या माणसाला बसवायचं. पण त्या दिवशी बाहेर उभं राहिलं की पापण्या चिकटत होत्या. लाल कोट बसला, मी फोन केला, दार लावलं आणि दुसऱ्या उताराने स्कीवर घरी गेलो." मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "खरंच, मी बाहेर यायला हवं होतं."

वर वाऱ्याने कान बधिर केले. चहाघराला कुलूप होतं.

"संडास कुठे आहे?" मी विचारलं. टोनीला वाटलं, मलाच जायचंय.

"आतला बंद आहे, पाइप गोठून फुटला. मागे लाकडी आहे." मग त्याला काहीतरी आठवलं. त्याने गाडीतून एक पिशवी काढली. "हे तिथल्या कठड्यावर सापडलं, रविवारी. तुमच्या लोकांचं असेल. पोलिसांना नको होतं."

स्टीलचा थर्मास. फोटोतला. मी उघडला. आत अर्ध्यापर्यंत चहाचा बर्फ होता.

सत्तरीचा माणूस, हाडं गोठवणारी थंडी, वर दोन वेळा चहा. थंडीत लघवी लागतेच. आणि अंगावर थर्मल, त्यावर पँट, त्यावर दुसरी पँट. हातमोजे काढा, नाड्या सोडा, पुन्हा बांधा. दीनानाथराव त्या लाकडी खोपट्यात होते, तेव्हा त्यांचा कोट त्यांच्याशिवाय खाली चालला होता. ते बाहेर आले. टोनी गेलेला. खुर्च्या मात्र अजून फिरत होत्या. ते बसले, दांडा ओढला, शिस्तीचे होते. कड्यापलीकडे खुर्ची उतरते न उतरते तोच खाली लाल कोट पोचला, आणि आलोइसने बटण दाबलं. तिथून खालचं काही दिसत नाही आणि खालून तिथलं काही दिसत नाही.

ते ओरडले असतील. मी तिथे उभी राहून एकदा ओरडून पाहिलं. वाऱ्यात माझं मलाच ऐकू आलं नाही.

परत फिरताना माझं लक्ष चहाघराबाहेरच्या स्की ठेवायच्या घोडीकडे गेलं. सगळी घोडी रिकामी. कोपऱ्यात फक्त एक जोडी, वर आठवड्याचा बर्फ साचलेला. आखूड, नवशिक्यांना देतात तसल्या भाड्याच्या स्की.

एकदम मला आलोइसचे शब्द आठवले. गुडघे वाकत नव्हते. एकेक पाऊल उचलून टाकत होता.

५

खाली आल्यावर मी दीनानाथरावांच्या पत्नीच्या, मनोरमाताईंच्या खोलीत गेले. गुडघेदुखीमुळे त्या शनिवारी वर गेल्या नव्हत्या, आणि त्यानंतर खिडकीपासून हललेल्या नव्हत्या. खिडकीतून लिफ्टचे खांब दिसतात. खोली बदलून देतो म्हटलं तरी त्यांनी ऐकलं नव्हतं.

"ताई, दीनानाथराव कसे चालायचे?"

"कसे म्हणजे? पळायचेच. पोट सुटलं पण पाय विशीतले. रोज टेकडी. मला म्हणायचे, तू हो मागून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का हो, ऊर्मिलाताई?"

मला हवं होतं ते मिळालं होतं. आलोइसने जे म्हातारपण पाहिलं ते म्हातारपण नव्हतंच. स्कीचा बूट प्लास्टिकचा, घोट्याला करकचून आवळलेला. तो घालून चालणारा कुणीही, अगदी विशीतला माणूसही, गुडघे न वाकवता दाणदाण पावलं टाकतो. लाल कोटाखाली स्कीचे बूट होते. स्की मात्र वर राहिल्या होत्या, कारण त्या माणसाला त्या घालून उतरायची भीती वाटली होती.

शनिवारी या मंडळींपैकी चौघेच वर गेले होते. बाकीची दोन जोडपी थंडीला घाबरून खाली पत्ते खेळत बसली होती. दीनानाथराव परत आलेच नाहीत. हृषिकेश आणि सुनेत्रा उत्तम स्की करतात, दोघं स्कीवरून उतरले. उरली ती हायडेलबर्गला पीएच.डी. करणारी ईप्सिता. मूळची रत्नागिरीची, पहिलाच जर्मन हिवाळा, पहिल्यांदाच स्की. त्याच संध्याकाळी ती आधी बस आणि मग ट्रेन पकडून परत गेली होती, कारण रविवारी तिला लॅबमध्ये काम होतं. जायच्या आधी तिने ग्रुपवर लिहिलं होतं, 'मीपण उतरले हळूहळू!' आणि सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली होती.

तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिने स्वतःच सांगितलं होतं ना, स्कीवरून उतरले म्हणून.

हायडेलबर्गला नेकार नदीच्या काठाला बर्फाचे पापुद्रे धरले होते. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये ती माझ्यासमोर बसली. अंगात तेच पातळ जॅकेट, रत्नागिरीहून येताना मुंबईत घेतलेलं. मी काही विचारायच्या आत तिने माझ्या हातातली पिशवी पाहिली. पिशवीतून लाल कापड डोकावत होतं.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही कोट आणलात."

६

"मला फार थंडी वाजत होती," ती सांगत होती. "दात वाजत होते. बूट लागत होते. स्की घालून तो उतार बघितला आणि पायच उचलेना. सगळे पुढे गेलेले. काका म्हणाले, अगं पोरी, जीव द्यायचाय का तुला? चल माझ्याबरोबर लिफ्टने. त्यांनी कोट काढून माझ्या अंगात घातला. मी नको नको म्हणत होते. म्हणाले, माझ्या आत चार थर आहेत, मला गुदमरतं. बाह्या दुमडून दिल्या, ती आतली दोरी ओढून गाठ मारून दिली, वारा शिरू नये म्हणून. स्वतःच्या खिशातली जास्तीची कानटोपी दिली. मग म्हणाले, मला जरा मागे जाऊन यायचंय, तू हो पुढे, मी आलोच. कोट खाली आमच्या खुंटीला अडकव."

"आणि तू अडकवलास."

"हो. टोपी खिशात घातली. वर गेस्टहाउसमध्ये कुणी दिसलं नाही, सगळे झोपलेले किंवा पत्त्यात. माझी बस होती. मला वाटलं, काका मागच्या खुर्चीत आहेत."

तिने ग्लास दोन्ही हातांनी धरला होता.

"हे तू पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. मग वाटलं, सगळे म्हणतील, म्हाताऱ्या माणसाचा कोट घेतलास आणि तो गारठून मेला."

कोटामुळे ते मेले असंच तिला वाटत होतं. कोट असता तरी त्या थंडीत त्या खुर्चीत काय झालं असतं कुणास ठाऊक. कोटाने थांबवली ती लिफ्ट. हे तिला अजून कळलेलं नव्हतं, आणि ते सांगायला मीच तिथे बसले होते. मी सांगितलं. टोनीचा फोन, आलोइसचं बटण, सगळं. माझ्या कामात मी नेहमी सांगते तसं, एकापुढे एक. ती ऐकत राहिली. ती रडली नाही.

"त्या रात्री सुनेत्राताईचा मेसेज आला होता," ती म्हणाली. "ग्रुपवर. बाबा दिसत नाहीत, पण कोट खुंटीवर आहे, म्हणजे खाली आलेत, गावात शोधतोय. मी ट्रेनमध्ये होते. फोन नुकताच चार्ज झाला होता."

हे मला माहीत नव्हतं.

"मी लिहिलं, 'कोट माझ्याकडे होता.' मग वाटलं, आता सगळे विचारतील, तुझ्याकडे कसा? तू तर स्कीवरून उतरलीस ना? आणि एवढे सगळे मोठे लोक तिथे आहेत, त्यांना कळेलच की. काका आलेच असतील मागून. मी ते पुसून टाकलं. मग लिहिलं, 'काळजी करू नका, सापडतील.'"

कँटीनमध्ये कुणीतरी ट्रे आपटला. आजूबाजूची मुलं हसत जेवत होती.

"मावशी, मी ते पाठवलं असतं तर?"

पोलिसांकडचा डॉक्टरांचा अहवाल मी वाचला होता. दीनानाथराव मध्यरात्रीनंतरही बराच वेळ जिवंत होते. वस्तू का मोडली ते सांगायचं आणि घरी यायचं, एवढंच माझं काम. आयुष्यात पहिल्यांदा मी ते केलं नाही.

"माहीत नाही गं," मी म्हणाले. "खरंच कुणाला माहीत नसतं."

तिने माझ्याकडे बघितलं. हुशार मुलगी आहे. मी खोटं बोलले हे तिला कळलं, आणि मी ते का बोलले हेही कळलं. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून पोलिसांत जबाब दिला.

७

जबाबानंतर आलोइसवरची केस सुटली. टोनीवर झाली. मी ही बातमी द्यायला स्वतः गेले. मला वाटलं होतं, आलोइस मोकळा श्वास घेईल.

"म्हणजे मी बरोबर पाहिलं होतं," तो म्हणाला.

"हो. तुम्ही खरं बोलत होतात."

"कोट पाहिला. माणूस नाही पाहिला." त्याने लिफ्टच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "आता या बटणाला मी हात लावणार नाही. खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं, निदान शिक्षा तरी झाली असती."

फ्राऊ त्सेंगर्लेने किल्ली उचलली नाही. लिफ्ट पुन्हा सुरू होण्याची शक्यता तशीही नव्हती. बाहेर बर्फ पडत होता. दहा वर्षांत पडला नव्हता असा, स्कीला अगदी हवा तसा, आणि उतारावर चिटपाखरू नव्हतं.

हृषिकेशला मी सगळं सांगितलं. तो गाडीच्या स्टीअरिंगवर डोकं ठेवून बसला आणि एवढंच म्हणाला, "मी त्या माणसाला खोटारडा म्हणालो, मावशी."

मनोरमाताईंना सांगणं राहिलं होतं. गेर्लिंगेनच्या घरात त्या सोफ्यावर बसल्या होत्या, दुसऱ्या दिवशी विमान होतं. मी सांगितलं, कोट कुणाला दिला ते. रात्रीच्या मेसेजचं मी सांगितलं नाही. ते पोलिसांकडे आहे, त्यांना कधीतरी कळेल. पण माझ्या तोंडून नको.

"दिला असणार," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. पोरीला थंडी वाजतेय म्हटल्यावर ते कोट अंगावर ठेवणार का?" मग त्यांनी विचारलं, "थर्मास सापडला म्हणालात ना? सकाळी मीच भरून दिला होता, आलं घालून. प्यायले होते का हो सगळा?"

"हो," मी म्हणाले. "रिकामा होता."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि बॅग भरायला उठल्या.

कोट मी बरोबर घेऊन आले. सुनेत्राला तो घरात नको होता, ईप्सिताने हात लावला नाही, टाकून देणं कुणालाच जमेना. माझ्या कपाटात तो लटकतोय. आतल्या दोरीची गाठ मी सोडलेली नाही. दीनानाथरावांनी ती चांगली घट्ट मारली आहे.

काल थंडी पुन्हा वाढली. संध्याकाळी ग्रुपवर कुणा नव्या मुलीचा मेसेज आला. तिला यातलं काही माहीत नसावं. 'नमस्कार, पुढच्या आठवड्यात आई-बाबा येताहेत. आई-बाबा कोट सध्या कुणाकडे आहे?'

तासभर कुणीच उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी वाचलं होतं.

मी फोन हातात घेतला. लिहिलं, 'कोट माझ्याकडे आहे.'

मग पुसून टाकलं.